सुंठीचं गिऱ्हाईक

आमच्या दुकानात सुंठीचं गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत बदललं. आजोबांनी पुण्यात पेठेत काष्ठौषधींचं दुकान मांडलं, तेव्हा सुंठ न्यायला यायची ती घरात बाळंतीण असलेली माणसं. हातात चिठ्ठी असायची, घरातल्या म्हातारीनं सांगितलेली आणि कुणा शाळकरी पोरानं लिहून घेतलेली. सुंठ, पिंपळमूळ, बाळंतशोपा, ओवा, वावडिंग, डिंक, हळीव, खारीक. वडिलांच्या काळापर्यंत ही यादी आम्हाला पाठ होती. गिऱ्हाईक नुसतं ‘बाळंतिणीचं सामान’ म्हणालं की पुड्या बांधायला सुरुवात व्हायची. आता त्याच गल्ल्यापुढे सुंठ मागणारे बहुतेक साठी-सत्तरीचे असतात. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाचं जेवल्यावर पोट फुगतं, आणि अलीकडे काही जण तर थेट वयावरच औषध मागतात.

परवा एका गृहस्थांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “मालक, ह्यात लिहिलंय, रोज सुंठ घेतली की म्हातारपण लांबतं. त्यातली कुठली देता?”

“सुंठ कुठली ते मी सांगतो. म्हातारपणाचं ह्या मोबाइलवाल्याला विचारा,” मी म्हटलं. ते हसले, पावशेर सुंठ घेऊन गेले.

त्यांचा प्रश्न मात्र उडवून लावण्याजोगा नव्हता. जन्माच्या खोलीतली ही वस्तू म्हातारपणाच्या खाटेपाशी कशी येऊन बसली, आणि तिथे तिचा खरंच काय उपयोग, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवं.

आधी माल बघू. सुंठ विकत घेताना वडील एक कुडी बोटांत धरून मोडायचे. कट्ट आवाज आला तर वाळलेली, वाकली तर ओल राहिलेली, म्हणजे पावसाळ्यात बुरशी धरणार. मोडलेल्या कडेला बारीक तंतू दिसतातच, पण फार दोरे निघाले तर चूर्ण कमी आणि चोथा जास्त. मग कुडीचं बूड बघायचं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि गोणीच्या तळाला पिवळसर भुसा असला तर किड्यानं आधीच जेवून घेतलेलं आहे. शेवटी अंगठा घासायचा. अंगठ्याला पांढरं लागलं तर ती चुन्याची सुंठ. मलबारकडे सोललेलं आलं चुन्याच्या निवळीत बुडवून वाळवायची जुनी रीत आहे, त्यानं सुंठ पांढरीशुभ्र दिसते आणि कीडही कमी लागते. शहरी गिऱ्हाइकाला ती पांढरी सुंठ हवी असते. आजोबा घरात मात्र मळकट, मातकट रंगाचीच वापरत.

आल्याची सुंठ करणं दिसतं तेवढं सोपं नाही. कंद आठ महिने जमिनीत राहून पुरता जून व्हावा लागतो. मग त्याची साल खरवडायची, तीही बांबूच्या धारदार कामटीनं. सुरीनं खोल सोललं तर नुकसान, कारण वासाच्या तेलाच्या पेशी सालीच्या अगदी लगत असतात. मग आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवायचं, पुन्हापुन्हा उलटायचं, गोणपाटावर चोळून उरलेली साल झाडायची. पाच किलो आल्यातून जेमतेम किलोभर सुंठ हाती येते. दमट हवा आणि पावसाची लहर सांभाळत हे काम मलबारच्या लोकांनी शतकानुशतकं केलं. वडिलांच्या वेळी मुंबईच्या मशीद बंदरातल्या आडत्याच्या पावतीवर ‘कोची’ किंवा ‘कालिकत’ असं लिहून यायचं, आणि त्या एका शब्दावर भाव ठरायचा.

तो भाव ठरवण्याची परंपरा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं रोममधले मसाल्यांचे दर लिहून ठेवले. काळी मिरी पौंडाला चार दिनार, आलं सहा दिनार. मिरीपेक्षा दीडपट महाग! गंमत म्हणजे हे पीक अरबस्तानाकडे आणि तांबड्या समुद्रापलीकडच्या मुलखात होतं, अशी त्याची समजूत होती. माल मधल्या व्यापाऱ्यांच्या हातून यायचा आणि मूळ ठिकाण गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, ही धंद्याची रीत तेव्हाही होती. चौदाव्या शतकापर्यंत ते गुपित फुटलं. इटलीच्या व्यापाऱ्यांच्या याद्यांत आल्याच्या प्रती नावानिशी येतात, आणि त्यातली एक प्रत केरळच्या कोल्लम बंदरावरून ‘कोलोम्बिनो’ म्हणून ओळखली जायची.

ह्या पिकाची एक खोड मला नेहमी विलक्षण वाटते. आलं रानात आपसूक उगवलेलं कुठेच सापडत नाही. त्याला बी धरत नाही. जगात जिथे जिथे आलं आहे, तिथे तिथे माणसानं कंदाचा डोळा असलेला तुकडा नेऊन पुरलेला आहे. म्हणजे हे पीक पूर्णपणे माणसाच्या हातावर जगलं. त्यामुळेच ते जहाजावर सहज चढलं. प्रवासी इब्न बतूतानं चौदाव्या शतकात कालिकतला चिनी जहाजं पाहिली. खलाशी लाकडी हौदांत भाजीपाला आणि आलं लावतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हा कंद वेस्ट इंडीजला नेला आणि काही दशकांत तिथलं आलं युरोपच्या बाजारात मलबारच्या आल्याला टक्कर द्यायला लागलं. मिरी असो, लवंग असो, त्यांचं झाड नेऊन जगवणं अवघड. आल्याचा नुसता तुकडा न्या, पीक नेलं.

आपल्याकडचा जवळचा साक्षीदार म्हणजे गार्सिया द ऑर्टा. पोर्तुगालचा हा वैद्य १५३४ साली गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचं जाणंयेणं होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींवरच्या संवादग्रंथात आल्यावर वेगळं प्रकरण आहे. गुजरात आणि दख्खनमध्ये ओल्या आल्याला एक नाव आणि वाळलेल्याला दुसरं, अशी नोंद तो करतो. माझ्यासारख्याला ही नोंद महत्त्वाची वाटते, कारण ओलं आणि वाळलेलं हे दोन वेगळे माल आहेत हे त्याला बाजारानं शिकवलं. शंभरेक वर्षांनी कोचीच्या डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडनं ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी ज्ञान पुरवलं, आणि त्यांची १६७५ सालची नागरी लिपीतली कोकणी साक्ष ग्रंथात जशीच्या तशी छापली आहे. त्या ग्रंथात आलंही आहे. म्हणजे कोकण-गोव्याकडच्या माणसांचं आल्याविषयीचं ज्ञान तेव्हाच युरोपात पोचलेलं होतं.

आता शास्त्राकडे येतो. आजोबांना संस्कृत येत नव्हतं, पण ‘भावप्रकाश’ त्यांच्या गादीशेजारी असायचा आणि वैद्य मंडळी येऊन त्यातलं वाचून दाखवायची. सोळाव्या शतकातला हा ग्रंथ सांगतो की जेवणाआधी मीठ लावून आलं खाणं केव्हाही हितकर, त्यानं अग्नी प्रदीप्त होतो, तोंडाला रुची येते, जीभ-घसा साफ होतो. सुंठीला त्यात ‘विश्वभेषज’, ‘महौषध’ अशी मोठी नावं आहेत. आलं रूक्ष आणि जड, सुंठ मात्र स्निग्ध आणि हलकी, असा भेद केलेला आहे. दोन्ही वात आणि कफ कमी करणारी. सुंठ आमवातावर, म्हणजे सांधे धरण्यावर, खास सांगितली आहे. त्याच ग्रंथात आल्याची मनाईही आहे. रक्तपित्त, दाह, ताप, जखम असेल तर नको. ग्रीष्मात आणि शरदात नको. मोबाइलवरच्या लेखांत ही दुसरी बाजू सहसा येत नाही.

दीर्घायुष्याची गोष्ट निघाली की आयुर्वेदातलं रसायन प्रकरण उघडावं. चरकाचं रसायन म्हणजे हिरडा, आवळा, च्यवनप्राश, शिलाजीत, बिब्बा. सुंठ येते त्रिकटूत, म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी या त्रयीत. या तिघांतल्या पिंपळीला चरकाच्या रसायनात स्वतःचा वर्धमान, म्हणजे मात्रा चढवत नेण्याचा, प्रयोग मिळाला, सुंठीला तसा मान मिळाला नाही. ती आली ती मदतनीस म्हणून. ‘ऋतुहरीतकी’ म्हणून एक प्रयोग आहे, त्यात हिरडा वर्षभर घ्यायचा, पण दर ऋतूत वेगळ्या वस्तूबरोबर: पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर, ग्रीष्मात गुळाबरोबर. आयुष्य वाढवण्याचं श्रेय हिरड्याचं, सुंठीची पाळी फक्त हेमंतातली. हिंग्वाष्टकात, सौभाग्यशुंठीपाकात, रास्नासप्तकाच्या काढ्यावर भुरभुरण्यात ती सगळीकडे आहे. जुन्या वैद्यांनी तिला सगळ्यांना लागणारी वस्तू मानलं. अमृत मानलं नाही.

ती सगळ्यांत जास्त कुणाला लागली, तर बाळंतिणीला. महाराष्ट्रातल्या घराघरांत बाळंतपणानंतर सकाळी सुंठ-गूळ-तुपाची गोळी ठरलेली. डिंकाच्या लाडवात सुंठ, अळिवाच्या खिरीत सुंठ, ऐपत असेल तर वैद्याकडून सौभाग्यशुंठीपाक. बाळाच्या गुटीतही ती असायची. सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड यांच्याबरोबर सुंठीचे वेढे द्यायचे. कितव्या दिवशी किती वेढे, हे घरातली म्हातारी ठरवायची. आणि देवालाही ह्यातून सुटका नाही. रामनवमीला भर दुपारी जन्म झाला की मंदिरात सुंठवडा वाटतात. हनुमान जयंतीला पहाटे, गोकुळाष्टमीला मध्यरात्री, पुन्हा तोच सुंठवडा. कौसल्या, अंजनी, देवकी, तिघीही शेवटी बाळंतिणी. आमच्या दुकानात रामनवमीच्या आधीच्या आठवड्यात खलबत्त्याला उसंत नसायची. सुंठ कुटायची, वस्त्रगाळ करायची, सुकं खोबरं, खसखस आणि खडीसाखर देवळाची मंडळी आपली आपण मिसळायची.

ह्यामागे वैद्यकाचं सरळ गणित होतं. बाळंतपणानंतर वात वाढतो आणि अग्नी मंद होतो, म्हणून अन्न पचवणारी, ऊब देणारी, स्निग्ध सुंठ. पण आयुर्वेद वयाचेही तीन भाग करतो. बालपण कफाचं, तारुण्य पित्ताचं, म्हातारपण वाताचं. म्हणजे शास्त्राच्या लेखी बाळंतीण आणि म्हातारा एकाच पंगतीत बसतात. दोघांचा वात चढलेला, दोघांचा अग्नी विझत आलेला. सुंठ म्हाताऱ्याला लागू पडणार हे वैद्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मग म्हातारी माणसं आमच्या दुकानात एवढ्या उशिरा का आली?

कारण ती फारशी नव्हतीच. १९५१च्या जनगणनेच्या सुमारास भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीच्या घरात आहे. तेव्हाही कुणी म्हातारं होत नव्हतं असं नाही. सरासरी खाली खेचली जायची ती तान्ह्या मुलांच्या आणि बाळंतिणींच्या मृत्यूंनी. घराची भीती बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत होती, म्हणून घराची सुंठही तिथेच खर्ची पडायची. पुढे दवाखाने आले, लसी आल्या, प्रतिजैविकं आली, बाळंतपणं घराबाहेर गेली. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसं दहा कोटींहून जास्त निघाली. भीतीची जागा बदलली आणि तिच्या मागोमाग सुंठीनंही जागा बदलली. सुंठीनं आयुष्य वाढवलं म्हणून म्हातारे वाढले असं झालं नाही. आयुष्य दुसऱ्याच कारणांनी वाढलं, आणि वाढलेल्या आयुष्याला सुंठ लागायला लागली.

मधल्या काळात ओल्या आल्याचं प्रस्थ वाढलं, त्याला चहा कारण. आज महाराष्ट्रातलं आलं चहात, वाटणात आणि आलेपाकाच्या वड्यांत जातं. पण चहा सामान्य घरात शिरून जेमतेम शंभर वर्षं झाली असतील. १९०३ साली इंग्रज सरकारनं चहावर कर बसवून त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू केला, तो गावोगाव पोचायला पुढे अनेक वर्षं लागली. आमच्या आजीच्या दृष्टीनं आलं घालून उकळलेलं पाणी म्हणजे काढा होता, पाहुण्यापुढे ठेवायची गोष्ट नव्हे.

हे आलं पिकतं कुठे? जुन्या काळात केळवे-माहीमच्या वाड्यांत, पानवेली आणि केळींच्या जोडीला. आजही राज्यात लागवडीला जी जात सर्वांत ओळखीची आहे तिचं नाव ‘माहीम’च. नंतर पीक सह्याद्री चढून साताऱ्याकडे गेलं. कोरेगाव, कराड, पाटण ही नावं आल्याच्या बाजारात वजनाची झाली. अलीकडे मराठवाड्यात कन्नड, खुलताबाद, फुलंब्रीकडेही मोठं क्षेत्र आहे. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे माल बघायला जात असे. लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, गादीवाफ्यावर, डोळे फुटलेल्या बियाण्याची. पाऊस सरत आला की उटाळणी. लांब दांड्याच्या खुरप्यानं मुळांजवळची माती हलवायची, जुनी मुळं थोडी तुटू द्यायची, म्हणजे नवी फुटतात आणि गड्डा पोसतो. ही उटाळणी ‘हुरडे बांड’ म्हणजे फुलांचे दांडे वर यायच्या आधी करावी लागते. कंदकूज लागली तर वाफाच्या वाफा आठवड्यात पिवळा पडतो.

तिथला भाव किलोवर नसतो, गाडीवर असतो. एक गाडी म्हणजे पाचशे किलो. त्या शेतकऱ्याचं म्हणणं असं, “आलं हे पीक नव्हं, लॉटरी हाय. गाडीला भाव घावला तर पोरीचं लगीन हुतं, न्हाय घावला तर बियान्याचं पैसंबी फिटत न्हाईत.” भाव पडला की गड्डे जमिनीतच ठेवतात, पुढच्या वर्षी काढतात, त्याला ‘जुनं आलं’ म्हणतात. व्यापारी जुन्याला एक भाव देतो, नव्याला दुसरा, आणि त्यावरून दरवर्षी तंटा ठरलेला. साताऱ्याचं बहुतेक आलं ओलंच विकलं जातं. सुंठ करायला माल, ऊन आणि धीर तिन्ही लागतं, आणि पैसा अडकून बसतो.

ओल्या-वाळल्याचा भेद पुढे रसायनशास्त्रानंही खरा ठरवला. १८७९ साली थ्रेश नावाच्या इंग्रज औषधशास्त्रज्ञानं आल्यातला तिखट अंश वेगळा काढून त्याला ‘जिंजेरॉल’ नाव दिलं. १९१७ साली जपानमध्ये नोमुरानं ‘झिंजेरोन’ शोधलं. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचा पाण्याचा अंश निघून जातो आणि ‘शोगाओल’ तयार होतं. ते जिंजेरॉलहून जास्त तिखट. म्हणून सुंठीचा झटका आल्याहून निराळा लागतो. भावप्रकाशकारांनी हे जिभेनं आणि पोटानं ओळखलं होतं.

मग आजच्या प्रयोगांत काय ठरलं? १९८८ साली डेन्मार्कमध्ये समुद्राची सवय नसलेल्या ऐंशी नौदल प्रशिक्षणार्थींवर सुंठीचा प्रयोग झाला, वांत्या कमी झाल्या. चिनी खलाशांचे ते हौद इथे आठवावेत. २०१२ साली अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या ५७६ रुग्णांवरच्या अभ्यासात अर्धा ते एक ग्रॅम मात्रेनं मळमळ सर्वांत चांगली उतरली. २००८ साली तैवानमध्ये चोवीस निरोगी माणसांना सुंठीच्या कॅप्सूल देऊन पाहिलं, तर पोट अर्धं रिकामं व्हायला सुमारे सत्तावीस मिनिटांऐवजी तेरा मिनिटं लागली. आमच्या वैद्यांच्या ‘अग्नी’ला ह्याहून चांगली साक्ष कुठली? गुडघ्याचं म्हणाल, तर २००१ सालच्या एका मोठ्या प्रयोगात आल्याचा अर्क घेणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोकांचं उभं राहतानाचं दुखणं कमी झालं. पण नुसती बनावट कॅप्सूल घेणाऱ्यांतही ५० टक्के लोकांना बरं वाटलंच होतं. म्हणजे सुंठीचा स्वतःचा वाटा आहे, पण माफक. पन्नास टक्क्यांचा तो आकडा पाहून मला आपली ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण आठवली.

आणि दीर्घायुष्य? प्रयोगशाळेत एका सूक्ष्म कृमीवर आल्यातले घटक वापरून त्याचं आयुष्य वाढल्याचं दिसलं आहे. हा कृमी एरवी जगतो दोन-तीन आठवडे. पेशींतली जळजळ कमी होते, गंज चढल्यासारखं होणारं नुकसान कमी होतं, असंही काचेच्या नळीत आणि उंदरांत दिसतं. हे सगळं आशादायक आहे आणि संशोधन व्हायला हवं. पण सुंठ खाऊन माणूस जास्त वर्षं जगला, असं दाखवणारा माणसांवरचा प्रयोग झालेला नाही. तो करायचा तर पन्नास वर्षं लागतील, आणि बाटलीवर लेबल लावणाऱ्याला तेवढी वाट पाहायची नसते.

लेबलावर विश्वास ठेवून काय होतं, त्याचीही एक जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा ‘जमैका जिंजर’ नावाचा आल्याचा मद्यार्क औषध म्हणून दुकानात मिळायचा. गरीब लोक तो नशेसाठी प्यायचे. सरकारी चाचणी चुकवण्यासाठी १९३०च्या सुमारास त्यात एक औद्योगिक रसायन मिसळलं गेलं, आणि हजारो माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. आल्याचा त्यात काही दोष नव्हता. पण अख्खी सुंठ हातात धरून मोडता येते, तिचा वास घेता येतो, भोकं दिसतात. अर्क आणि कॅप्सूल एकदा बंद झाली की गिऱ्हाइकाचे डोळे-नाक बाद होतात.

म्हणून सत्तरीच्या गिऱ्हाइकाला मी जे सांगतो तेच इथे सांगतो. सुंठ अख्खी घ्या, मोडून बघा, घरी कुटा आणि महिन्याभरात संपेल एवढीच कुटा. रोज चिमूट ते अर्धा चमचा, म्हणजे फार तर एक ग्रॅम, जेवणाआधी कोमट पाण्याबरोबर किंवा गूळ-तुपात. पित्ताचा त्रास, अल्सर, मूळव्याधीचं रक्त असेल तर नको. रक्त पातळ करण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ऑक्टोबर हीटमध्ये हात आखडता घ्या. एवढं केलंत तर जेवण पचेल, पोट हलकं राहील, सांध्यांना थोडी ऊब मिळेल, आणि म्हातारपणी एवढं मिळालं तरी पुष्कळ. आयुष्य वाढवण्याच्या नावाखाली कुणी सुंठीचे दहापट पैसे मागितले, तर देऊ नका. बाळंतिणीला जी सुंठ ज्या भावानं मिळते, म्हाताऱ्यालाही तीच आणि त्याच भावानं मिळायला हवी.